मु. पो. रिंग झीरो येथील महाशयांस

रा. रा. विनरिंग-झीरो ड्रायव्हर यांस,
सा. न. वि. वि.

मार्च २०२५मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरने आपल्याला ‘हॅकटूल’ ठरवून कोठडीत टाकले आणि कित्येकांना स्वतःच्या कॉम्प्युटरच्या पंख्यांचा वेग दिसेनासा झाला. एवढा लोकोपयोगी गुन्हेगार विरळाच!

आपल्या गुन्ह्याचे मूळ जुने. इंटेलचा ३८६ प्रोसेसर हा १९८५चा. हार्डवेअरशी बोलायचे ६५,५३६ पोर्ट, प्रत्येकी एक बिट, असा ८ केबीचा परवान्यांचा नकाशा त्यात होता. परवाना नसलेल्या पोर्टावर साध्या प्रोग्रामने ‘आउट’ ही सूचना चालवली की प्रोसेसर फॉल्ट देतो आणि विंडोज त्या प्रोग्रामचा तिथेच निकाल लावते. टर्बो सीमधून प्रिंटर पोर्टावर, ३७८ हेक्सवर, एलईडी लुकलुकवणाऱ्या पिढीला हा जाच वाटला, हे खरे. पण त्या जाचावर आपण काढलेला उपाय काय वर्णावा!

पंख्याचा वेग वाचायचा, तर सुपर आय-ओ चिपशी बोलायला २ई आणि २एफ हे दोन पोर्ट लागतात, पुढे तिच्या हार्डवेअर मॉनिटरचे आणखी दोन. एवढ्यासाठी आपण कर्नलमध्ये, म्हणजेच रिंग झीरोत, बसून सगळे पोर्ट, प्रोसेसरचे एमएसआर (अंतर्गत रजिस्टर) आणि वर फिजिकल मेमरीही देऊ केलीत. कुणाला? मागेल त्याला! ॲडमिन असण्याचीसुद्धा अट नाही. सुरक्षादोषांच्या यादीतली सीव्हीई-२०२०-१४९७९ ही नोंद याच औदार्याची. मोनेरो हे क्रिप्टोचलन खणणाऱ्या एक्सएमरिगनेही एमएसआर बदलायला आपलाच हात धरला. त्याला तरी नाही कसे म्हणणार?

अर्थात एकट्या आपल्याला बोल लावणे अन्याय होईल. पंखे फिरवणारे, कीबोर्डाचे दिवे रंगवणारे, सगळे आपल्यालाच पाठीशी बांधून हिंडले. कारण आपली फाइल फुकट आणि वर सही केलेली. ६४ बिटी विंडोजवर सहीविना ड्रायव्हर चालत नाही, नवी सही मिळवायची तर खर्च आणि खटाटोप. चार पोर्टांपुरता ड्रायव्हर लिहिण्यापेक्षा आयते घबाड बरे, असा हा हिशेब. तो चुकला, आणि नोंद जाहीर झाल्यावरही आपले वाटप करत राहिलेल्यांना तर माफी नाहीच.

कळावे, लोभ आटोपता घ्यावा.

ता. क. वाचकहो, ‘विनरिंगझीरोएक्स६४ डॉट सिस’ ही फाइल मशीनवर सापडली तर ती आणणारे सॉफ्टवेअर आधी अपडेट करा. अपडेटमध्येही हेच महाशय निघाले, तर ते सॉफ्टवेअर काढून टाका.