बँकेकडून उधारी वसूल करण्याची सोपी पद्धत

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्याच्या खात्यात पैसे नव्हते, आणि नव्हते म्हणून ज्याचे पैसे कापले गेले, तो. बाकीच्यांनी पान उलटावं.

खोपोलीजवळच्या साजगावकरांना वसुली काही नवी नाही. तुकोबा घाटावरून मिरची घेऊन इथे उतरत, लोक उधारीवर नेत, आणि उधारी थकली तेव्हा विठोबानेच बोंब ठोकून ती गोळा करून दिली, अशी बोंबल्या विठोबाची कथा सांगतात. (नाव सुक्या बोंबलांवरून पडलं म्हणणारेही आहेत, कार्तिकातल्या यात्रेत एकदा श्वास घेतला की त्यांचंही पटतं.) यातून घ्यायचं ते एवढंच, की या व्यवहारात येणेकरी तुम्ही आहात. हे मनात पक्कं करा. चेहऱ्यावर मात्र आणू नका, काउंटरवरच्या माणसाला ते आवडत नाही.

साहित्य: पासबुक, पेन, कोरे कागद आणि झेरॉक्सपुरते सुटे पैसे.

पासबुक आधी भरून घ्या. प्रत्येक ओळीत तारीख, रक्कम आणि मध्ये पाच-सहा इंग्रजी अक्षरं दिसतील. त्यातले स्वर बँकेने काटकसर म्हणून गाळलेले असतात. अक्षरांच्या नादी लागू नका, आकडा बघा. 59, 118, 17.70, 590 असले आकडे बाजारात सहसा भेटत नाहीत. त्यांना 1.18 ने भागा. 50, 100, 15, 500 असं गोल उत्तर आलं, की समजा बँकेने आकार लावला आणि वर अठरा टक्के जीएसटी घेतला. तुमच्या तंगीत सरकारचाही वाटा असतो तो असा.

आता खातं कुठल्या जातीचं आहे ते विचारा. जनधनचं किंवा तसलंच मूलभूत बचत खातं असेल तर किमान शिलकीचा प्रश्नच येत नाही, आणि तिच्यापायी कापलेला रुपया सरळ परत मागायचा. 17.70 या आकड्याला तर इतिहास आहे. स्टेट बँक अशा खात्यांतून महिन्यातल्या चार व्यवहारांनंतर प्रत्येक व्यवहाराला, अगदी यूपीआय आणि रुपे कार्डालाही, 17.70 रुपये घेत असे. ऑगस्ट 2020 मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सगळ्याच बँकांना सांगितलं, की 1 जानेवारी 2020 पासून अशा डिजिटल व्यवहारांवर घेतलेले आकार परत करा. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी पुढच्या वर्षी हिशेब मांडला, की स्टेट बँकेकडून सुमारे 90 कोटी परत गेले, 164 कोटी अजून बाकी आहेत. हे शोधायला आयआयटीचा प्राध्यापक लागला, तेव्हा पासबुक आपल्याला कळत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

साधं बचत खातं असेल तर हत्यार वेगळं. रिझर्व्ह बँकेचं 20 नोव्हेंबर 2014 चं परिपत्रक, लागू 1 एप्रिल 2015 पासून. शिल्लक घटली तर बँकेने आधी कळवायचं, भरपाईला महिना द्यायचा, मग दंड. तोही जेवढी तूट त्या प्रमाणात. आणि केवळ या दंडापायी खातं उणे होता कामा नये. म्हणजे नियमाने तुमचं शून्य सुरक्षित आहे. शून्याच्या पुढे गेलात की धोका. ऑगस्ट 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले तीन हजार जमा झाले आणि कित्येक बायांच्या खात्यांतून मागचे दंड आणि थकबाकी त्यातच वळती झाली. शेवटी महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना बँकांना सांगावं लागलं, की या पैशाला हात लावू नका.

सगळंच परत मिळतं असं मात्र नाही. हप्ता पाच तारखेला आणि खोपोलीच्या ठेकेदाराचा पगार दहाला, त्यामुळे हप्ता उलटला, तर इकडे बँक कापते, तिकडे कर्ज देणारी कंपनीही लावते, आणि हे सहसा नियमात बसतं. इथे हक्क नाही, विनंती. मॅनेजरला एखाददुसरा आकार माफ करता येतो. पण त्याहून बरं म्हणजे हप्त्याची तारीखच पगारानंतरची मागून घ्या.

कृती. शाखेत जा. संवाद साधारण असा होईल:

“पैसे कोणी कापले, साहेब?”

“सिस्टीमने कापलेत, मावशी.”

“मग ती कुठं बसते? तिलाच अर्ज देते.”

एवढं बोलून झालं की खरोखरच अर्ज द्या, शाखाधिकाऱ्याच्या नावे. नवशिके इथे चुकतात. नवऱ्याचं आजारपण, कंपनीतला ब्रेक, पोराची फी असं दीड पान लिहितात आणि रक्कम लिहायची राहते. परिस्थितीला एक ओळ पुरे. बाकी कागदावर तारखा, आकडे, परिपत्रकाची तारीख आणि “पैसे परत जमा करावेत” हे वाक्य.

दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, सही, तारीख. शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असतो, साहेब मीटिंगमध्ये असतात. बाकड्यावर बसा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसलात की शिक्का सापडतो, कारण कुलूप लावायच्या वेळी बसलेलं माणूस कोणालाच नको असतं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकील नको. ऑनलाइन जमत नसेल तर रिझर्व्ह बँक, सेक्टर 17, चंदीगड 160017 या पत्त्यावर साधं पत्र चालतं आणि ते मराठीतही चालतं. पोचेची झेरॉक्स जोडा. मूळ प्रत घरीच, पत्र्याच्या पेटीत. चौकशीसाठी 14448.

पैसे परत आले की मोबाइलवर मेसेज येईल. तो पुसू नका. असल्या मेसेजचेही दर तिमाहीला पैसे लागतात, आणि ते प्रत्यक्ष पाठवलेल्या मेसेजच्या हिशेबानेच घ्यावेत असं रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच सांगून ठेवलंय. पुढच्या वेळी पासबुक भराल तेव्हा 17.70 पुन्हा दिसले, तर कागद उरलेले आहेतच.