शिष्टमंडळ पॅरिसात, संस्थान इतिहासात

आंतरराष्ट्रीय परिषदेला निघणाऱ्याने व्हिसा, विमा आणि ऐनवेळी बंद होणारे हवाई मार्ग यांची चौकशी आधी करावी, असे अस्थिर काळात बजावले जाते. परंतु ज्या राज्याच्या वतीने आपण बोलणार, ते आपण परतेपर्यंत जागेवर असेल काय, असा रकाना कोणत्याही अर्जात आढळत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये गुलबर्गा जिल्ह्यातील अफजलपूर-करजगीच्या सीमेवरच्या पट्ट्यासह सबंध निजामी मुलखाची कैफियत घेऊन पॅरिसला गेलेल्या निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या शिष्टमंडळाला या रकान्याची नितांत गरज होती.

भारताशी झालेला ‘जैसे थे’ करार, म्हणजे वर्षभर आहे तसेच चालू द्यावे ही तडजोड, मोडीत निघाल्यावर संस्थानाने २१ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. संस्थानाला समुद्र नव्हता आणि चहूबाजूंना भारत होता, त्यामुळे आकाशाचाच काय तो आधार उरला. त्याच आकाशातून सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून बीदर-वरंगळला चोरून शस्त्रे उतरवीत असे, तेव्हा बंदुका आत आणि न्यायाची याचना बाहेर, अशी हवाई वाहतुकीची मोठी सोयीस्कर वाटणी झाली होती. जमिनीवर मात्र रझाकारांच्या, म्हणजे कासिम रझवीच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, धाकाने सीमेवरची माणसे चीजवस्तू गाडीत घालून सोलापूरची वाट धरीत होती. निजामाच्या सार्वभौमत्वाचा त्यांना आलेला अनुभव तेवढाच, आणि तो सांगायला पॅरिसला कोणी नेले नाही.

१३ सप्टेंबरला भारतीय लष्कराच्या जनरल चौधरींचे रणगाडे सोलापूरहून नळदुर्गाकडे निघाले. १६ तारखेला, म्हणजे मोहिमेच्या चौथ्या दिवशी, सुरक्षा परिषद पॅरिसमध्ये या विषयासाठी बसली आणि तिने प्रथम हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा काय, याचा खल केला. सनदेच्या ३५ व्या कलमाने सदस्य नसलेल्या राष्ट्रालाही तक्रार करता येते. पण हैदराबाद हे राष्ट्रच नव्हे, असे भारताचे रामस्वामी मुदलियार यांनी मांडले. अखेर आठ अनुकूल, विरोधी कोणी नाही आणि तीन तटस्थ अशा मतांनी विषय पत्रिकेवर आला, शिष्टमंडळाचे प्रमुख मोईन नवाज जंग यांनी निकडीची विनंती केली आणि पुढची बैठक २० तारखेची ठरली. निजामाने युद्धबंदी जाहीर केली १७ तारखेला. रणगाड्यांना कार्यक्रमपत्रिका नसते, हा त्यांचा अन्याय्य फायदा म्हटला पाहिजे.

२२ तारखेला निजामाने तारेने तक्रार मागे घेतली, तेव्हा वाद उरला तो समोर बसलेले जंगसाहेब आता नेमके कोणाचे प्रतिनिधी, एवढाच. पुढे १९५६ मध्ये अफजलपूर-करजगीसह गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. ‘हैदराबादचा प्रश्न’ मात्र सुरक्षा परिषदेच्या प्रलंबित विषयांच्या यादीत कित्येक दशके तसाच नांदत राहिला.