तुमचे चाचे, आमचे पेंढारी

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमात आमच्या आणि काकूंच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत. सकाळी काकू मल्लिगेच्या कळ्या खुडायला आल्या की दूध उतू गेलंच म्हणून समजा.

"वहिनी, काल रात्री कसला हो आरडाओरडा?"

"नातू व्हायकिंग झालाय. त्यांचीच मालिका बघतो सुट्टीभर. पितळी पळीची कुऱ्हाड केली, टोपाला पुठ्ठ्याची शिंगं लावली."

"शिंगं काढायला सांगा. खऱ्या टोपांना नव्हतीच ती. 1876 साली एका जर्मन ऑपेराच्या पोशाखवाल्यानं चढवली, तिथून पसरली. उलट नीटनेटकी माणसं ती. कंगवे सापडतात त्यांच्या थडग्यांत. त्यांच्या भाषेत शनिवारचं नावच मुळी अंघोळीचा वार!"

काकू निवृत्त मास्तरीणबाई. त्यांच्यापुढे आपण पडतं घ्यावं, पण मी कुठली घेते!

"असतील नीटनेटके. पण 793 साली त्यांनीच इंग्लंडातल्या लिंडिसफार्नचा मठ लुटला, साधू कापले. देवाधर्माचीसुद्धा चाड नाही मेल्यांना."

काकूंनी परडी भिंतीवर ठेवली. म्हणजे आता काहीतरी येणार.

"रागवू नका हं. 1791 साली शृंगेरीचा मठ कोणी लुटला?"

"टिपूनं, दुसरं कोण?"

"तुमच्या तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी. शारदेची मूर्ती परत बसवायला रोकड नि धान्य द्यायचा हुकूम सोडला तो टिपूनं. स्वामींना लिहिलेली त्याची कन्नड पत्रं 1916 साली मठात सापडली."

माझं माहेर तासगाव. तोंडचं पाणीच पळालं.

"पेंढारी म्हणजे काय भाऊंची माणसं? ते आपले फौजेमागून येणारे उपटसुंभ!"

"डेन्मार्कातल्या आज्याही असंच सांगत असतील. बरं, 991 साली इंग्रजांच्या राजानं व्हायकिंगांना 10,000 पौंड मोजले, बाबांनो परत जा म्हणून. त्याला काय म्हणाल?"

"खंडणी!"

"आणि आपण घेतली ती?"

"चौथाई," मी पुटपुटले. आम्हा दोघींनाही हसू आवरेना.

पण हार मानेन तर माहेरचं नाव कसलं! "काकू, भाऊंनी बांधलंयही हो. आमच्या गणपतीचं गोपूर बघा, सात मजली, अगदी तुमच्या दक्षिणेतल्यासारखं."

"म्हणजे तेही इथलंच नेलं!"

एवढ्यात आतून दुधाचा करपट वास आला. ढवळायला पळी शोधली, तर ती व्हायकिंगाच्या उशाखाली.