एकदम साडेआठशे

हातावर पोट असलेल्या घरातली खरेदी रोजची असते. दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची चहापत्ती, पावशेर साखर. संध्याकाळी मजुरी हातात पडली की घरी जाता जाता पुडी बांधून घ्यायची. गावातल्या किराणावाल्याला हे कळतं. शाम्पूच्या कंपन्यांना तर कधीच कळलं. गॅस मात्र आपण या घरांना बहुतेक वेळा 14.2 किलोच्या टाकीत देतो आणि पैसे एकदम मागतो.

गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियातून सुरू झाली. आठ कोटी जोडण्यांचा टप्पा गाठल्याचा कार्यक्रम 7 सप्टेंबर 2019 रोजी आपल्याच औरंगाबादेत झाला. बाईच्या नावावर जोडणी, अनामत रक्कम माफ, तीही तीन-साडेतीन वर्षांत आठ कोटी घरांत. हे मोठं काम आहे आणि मी ते मोठंच मानतो. म्हणूनच पुढचा हिशेब मला सोडवत नाही.

महालेखापरीक्षकांनी 2019 मध्ये तो मांडला होता. वर्ष उलटून गेलेल्या उज्ज्वला ग्राहकांच्या घरात वर्षाला सरासरी 3.21 टाक्या भरून येत होत्या. 2024-25 मध्ये ही सरासरी साडेचारच्या आसपास पोचली. पाच-सहा माणसांच्या घरात एक टाकी सव्वा महिना पुरली तरी खूप. म्हणजे निम्म्याहून अधिक वर्ष चूलच पेटते. विदर्भात पऱ्हाट्या, मराठवाड्यात तुराट्या, डोंगरातल्या पाड्यांवर डोक्यावरून आणलेली मोळी.

लोकांना चुलीवरची भाकरीच आवडते, असं यावर सांगितलं जातं. भाकरीची चव जेवणारा सांगतो. फुंकणी हातात धरणारीला कुणी विचारलं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुराने 2020 मध्ये जगात 32 लाख माणसं मेली. त्या धुराच्या सर्वांत जवळ बाई बसते आणि तिच्या मांडीवर लेकरू.

अडतं ते पैशांच्या वेळेवर. एप्रिल 2025 च्या दरवाढीनंतर मुंबईत टाकी 852 रुपये 50 पैशांना झाली. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. जवळजवळ तीन दिवसांची मजुरी एका दमात बाहेर काढायची, तीही काम सलग मिळालं तर. केंद्राचे 300 रुपये मिळतात, पण ते नंतर खात्यात येतात. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत 2024 पासून वर्षाला तीन टाक्या मोफत आहेत. त्या मोफत टाकीलाही उज्ज्वलाच्या घरानं आधी पूर्ण पैसे मोजायचे आणि मग बँकेत पैसे आले का ते बघायला जायचं. पाड्यावरून बँकेत जायचं म्हणजे दिवस मोडतो, दिवसाची मजुरीही जाते. ज्या घरात साडेआठशे रुपये पडून असतात, त्या घराला ही मदत चालेल. योजना तर ज्या घरात ते नसतात, त्या घरासाठी काढली होती.

अनुदान खात्यात देण्यामागे कारण होतं. 2015 पूर्वी स्वस्तातल्या घरगुती टाक्या हॉटेलांत वळवल्या जात. ती चोरी खरी होती आणि ती थांबवायलाच हवी होती. पण आता उज्ज्वलाच्या ग्राहकाचं आधार जोडलेलं आहे, टाकी घेताना मोबाइलवर आलेला आकडा सांगण्याची पद्धत आली आहे. कुणाची टाकी कुणाच्या दारात उतरली, हे कंपनीला त्याच क्षणी कळू शकतं. मग 300 रुपये दारातच वजा करा. राज्याचा वाटाही तिथेच वजा करा. बाईकडून मागायची ती फक्त उरलेली रक्कम.

पाच किलोच्या टाकीची मुभा उज्ज्वलात आहे. ही टाकी मोळीपेक्षा फार जड नाही, चढावरही नेता येते आणि एका वेळी पैसेही कमी लागतात. ती मागितली तर मिळेल, यावर भागवू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी ती बाजारातच मिळू द्या, जिथे मीठमिरची मिळते तिथे.

आणि रॉकेलचंही विसरू नका. गॅसजोडणी आली की रेशनच्या रॉकेलवरचं नाव उडालं. टाकी संपली आणि पैसे नसले, तर मधला आधार कुठलाच उरला नाही. पावसाळ्यात हे सगळ्यात जास्त बोचतं. जूनमध्ये हाताशी असलेले पैसे बियाण्यात जातात, सरपण भिजलेलं असतं, ओलं लाकूड पेटायला अर्धा तास घेतं आणि खोपट धुरानं भरून जातं.

म्हणून पेट्रोलियम मंत्रालयाकडे माझं एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी आकडा जाहीर कराल, तेव्हा जोडण्या किती दिल्या ते नका सांगू. धडगाव, अक्कलकुवा, चिखलदरा, एटापल्ली या दुर्गम तालुक्यांत जून ते सप्टेंबर किती टाक्या भरून गेल्या, ते सांगा.