वाकोल्याचे सिंगापूरकर

वाकोल्याच्या माणसाला विमानाचं अप्रूप नसतं. विमानाचा आवाज वाढला की तो फोनवरचं बोलणं मध्येच थांबवतो आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतो. इथल्या इमारतींनी किती उंच व्हायचं हेसुद्धा विमानतळाला विचारून ठरतं. पण त्याच विमानात बसून चार रात्री-पाच दिवस परदेशात काढून आलेला वाकोलेकर हा वेगळाच प्राणी. आमच्या सोसायटीत त्यांना ‘सिंगापूरकर’ म्हणतात. मूळ आडनाव आता फक्त मेंटेनन्सच्या बिलावर उरलंय.

सिंगापूरकर काका साठी ओलांडलेले, पेन्शनीत निघालेले. सहल सुनेने बुक केली, पण घरातल्या इतिहासात ती काकांनी ‘ठरवली’ अशी नोंद आहे. भाजणी, मेतकूट, खाकरे, बेसनाचे लाडू असा शिधा बॅगेत भरला गेला. सिंगापुरात 1992 पासून च्युइंगगमवर बंदी आहे, ह्याचं काकांना काही वाटलं नाही. खाण्याच्या तंबाखूलाही तिथे मज्जाव आहे हे कळलं तेव्हा मात्र सहल रद्द होते की काय अशी वेळ आली. शेवटी पुडी वॉचमनकडे ठेव म्हणून ठेवली गेली. परत आल्यावर ती निम्मीच निघाली. परदेशवारीच्या खर्चात काका हा खर्च अजून धरतात.

निघताना खरी अडचण रिक्षाची. विमानतळ म्हटल्यावर रिक्षावाल्याचा चेहरा उजळतो, आणि भाडं वाकोल्यातूनच आहे हे लक्षात आलं की मावळतो. साडेपाच तासांचं उड्डाण पक्कं, पण इथून सहारला पोचायची खात्री नाही! अखेर शेजाऱ्याच्या स्कूटरवर बॅगा आणि मागून काका-काकू पायी हायवेपर्यंत, असा परदेशगमनाचा पहिला टप्पा पार पडला.

तिथलं वर्णन ऐकायला बसायचं तर सकाळी बसावं, कारण ते लांबतं. पहिला अध्याय गुणाकाराचा. डॉलर काही स्थिर नसतो, पण काकांनी सोयीसाठी पासष्टचा पाढा पाठ करून नेला होता. दीड डॉलरचा चहा म्हणजे जवळजवळ शंभर रुपये. “अहो, शंभराचा चहा! गार झाला तरी सोडवेना.” काकूंचं म्हणणं वेगळं आहे. त्यांना पाच दिवसांत एकही वस्तू आवडली म्हणता आलं नाही, कारण त्या म्हणेपर्यंत काका गुणाकार करून मोकळे झालेले असत.

दुसरा अध्याय मर्लायनचा. सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला हा पुतळा 1972 साली उभा राहिला. त्याच्या तोंडातून सतत पाणी पडतं. समोर लांबवर उभं राहून, आ वासून, ते पाणी आपल्याच तोंडात पडतंय असा फोटो काढायची तिथे पद्धत आहे. काकांचा तसा फोटो आहे. काकूंचा नेम चुकल्यामुळे धार कानात पडतेय. फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय.

चांगी विमानतळावर छतातून चाळीस मीटर खाली कोसळणारा धबधबा आहे. तो पाहून काका हळहळले. आमच्या जिन्यात छतातून पाणी आलं तेव्हा सोसायटीने वॉटरप्रूफिंगचं टेंडर काढलं होतं. तिथे त्याच प्रकाराला जग फोटो काढायला येतं.

आता मुख्य गोष्ट. लिटल इंडियात टेक्का सेंटर नावाचं मोठं मंडईवजा खाण्याचं ठिकाण आहे. खाली एकाला एक लागून गाळे आणि मध्ये सगळ्यांना मिळून टेबलं. दुपारची गर्दी. काका हातात डोशाचा ट्रे, मागे काकू, आणि समोर रिकामं टेबल. टेबलावर फक्त कागदी रुमालांचं एक लहानसं पाकीट. कुणीतरी विसरलं असेल म्हणून काकांनी ते बाजूला सारलं आणि बसले. दोन मिनिटांत टायवाला एक तरुण सूपचा वाडगा घेऊन आला आणि त्या पाकिटाकडे नुसता बघत राहिला. बोलला काही नाही. काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गणपतीत कोकणात जाताना एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून त्यांनी आयुष्यभर जागा धरल्या होत्या! ते ताडकन उठले. तरुणाने हसून पलीकडचं टेबल दाखवलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःचा रुमाल टाकला. कागदी नव्हे, निळ्या काठाचा, घडीचा. डोसा घ्यायला दोघंही मुद्दाम लांबच्या गाळ्यावर गेले. परत आले तर रुमाल जागेवर आणि टेबल रिकामं. भोवती माणसं ट्रे घेऊन उभी होती, पण कुणी हात लावला नव्हता. “आणि कंडक्टरला मध्ये घालावं लागलं नाही,” काका म्हणाले.

परत आल्यापासून वाकोला त्यांच्या नजरेत भरत नाही. वाकोला नाल्याच्या पुलावर उभं राहून ते सिंगापूर नदीची हकिगत सांगतात. तिथले तेव्हाचे पंतप्रधान ली कुआन यू यांनी 1977 मध्ये नदी साफ करायचं मनावर घेतलं आणि 1987 पर्यंत ती झालीही. काठावरची डुकरांची, बदकांची खुराडी गेली, फेरीवाल्यांना छप्पर मिळालं. हे सगळं खरं आहे. वर्षाला दोन मीटरच्या वर पाऊस तिकडेही पडतो आणि आपल्याकडेही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात 944 मिलिमीटर मोजले, तेव्हा हाच नाला आमच्या तळमजल्यात आला होता. काकांच्या भाषणात तोही मुद्दा असतो. भाषण संपता संपता त्यांनी हातातली निर्माल्याची पिशवी नाल्यात सोडली. मी बघत राहिलो. “ते देवाचं असतं,” असं मला समजावण्यात आलं.

वार्षिक सभेत त्यांनी दंडाचा ठराव आणला: जिन्यात सामान ठेवेल त्याला पाचशे रुपये. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. पहिली पावती काकांच्याच चपलांच्या मांडणीवर फाटली. पुढच्या महिन्यात ‘आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे’ या कारणाने ठराव स्थगित झाला. सूचक तेच, अनुमोदक सगळा मजला.

मला त्यांचा राग येत नाही. मोठमोठे साहेबलोक अभ्यासदौऱ्यांवरून ह्याहून कमी बघून येतात, आणि स्वखर्चाने तर मुळीच जात नाहीत. तुमच्याही सोसायटीत असा एखादा सिंगापूरकर, दुबईकर, बँकॉककर असेलच. तो भेटला तर मर्लायनचा फोटो मागू नका आणि चहाचा भाव तर विचारूच नका. रुमालाचं विचारा. तेवढं त्याने स्वतः पाहिलंय, बाकीचं गाईडने सांगितलेलं आहे.