पोळी चालू ठेवा

आजारी माणसाला आपल्याकडे मान असतो. त्याला भेटायला लोक शहाळी घेऊन येतात आणि आवाज खाली करून बोलतात. निरोगी माणसालाही मान असतो. लग्नघरी सामान उचलायला आधी त्यालाच हाक मारतात. पण ज्याच्या रिपोर्टवर ‘बॉर्डरलाइन’ असा शेरा पडला आहे, त्याला ना शहाळं मिळतं ना सामान. सध्या माझी गणती या तिसऱ्या वर्गात होते.

सगळं सुरू झालं हिमोग्लोबिनपासून. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाला, अळिवाचे लाडू झाले, भाज्या लोखंडी कढईत शिजू लागल्या. आकडा मात्र जागचा हलेना. जेवण झालं की पोट तट्ट फुगे, ते वेगळंच. ‘पित्त असेल’, ‘टेन्शन असेल’, ‘वयच आहे ते’ अशी सगळी निदानं घरच्या घरी करून झाल्यावर पोटाच्या डॉक्टरांनी सीलिअॅकची शंका काढली. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन असतं. काहींच्या शरीराची संरक्षणव्यवस्था त्यामुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्यातले अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मग खजूर खा नाहीतर अळीव, अंगी लागत नाही.

रक्तात टीटीजी नावाची अँटीबॉडी मोजतात. लॅबची मर्यादा २०, माझा आकडा २७. दोनशे असता तर वाद मिटला असता, पाच असता तरी बराचसा मिटला असता. काहींच्या अंगात ही अँटीबॉडी ज्या जातीची, ते आयजीएच मुळात कमी तयार होतं आणि टीटीजी फसवं नॉर्मल येतं, म्हणून तेही मोजलं. ते व्यवस्थित निघालं. मग दुर्बीण घातली, आतड्याचे तुकडे तपासायला गेले. उत्तर आलं ‘मार्श १’. म्हणजे आतड्याच्या अस्तरात पांढऱ्या पेशी जमल्या आहेत, पण उंचवटे शाबूत आहेत. ही सीलिअॅकची सुरुवात असू शकते, जिआर्डियासारखा जंतू असू शकतो, नाहीतर गुडघ्यासाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा प्रताप असू शकतो. रिपोर्टच्या तळाशी ओळ होती : लक्षणांशी पडताळून पाहावे. लॅब डॉक्टरांकडे बोट दाखवते, डॉक्टर लक्षणांकडे, आणि लक्षणं काय, ती बिचारी माझ्याकडेच राहायला आहेत.

राहता राहिली जनुकांची चाचणी. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील तर सीलिअॅक जवळजवळ नाहीच, असं ठामपणे सांगता येतं. माझ्यात डीक्यू२ निघालं. पण हे जनुक अंगात असलेल्या बहुतेकांना सीलिअॅक कधीच होत नाही, त्यामुळे तेही साक्षीला उभं राहून गप्पच बसलं.

घरात मात्र कुणीच गप्प नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी नव्हता बाई कुणाला गहू बाधत.” ते खरंच आहे. त्यांच्या माहेरी, सोलापूरकडे, रोज ज्वारीची भाकरी. पोळी सणाला, नाहीतर जावई आला तर. गहू बाधायचा तर आधी तो रोज पानात यायला हवा. एकादशीला माझं पोट शांत असतं हेही त्यांच्या लक्षात आलं. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, एकातही ग्लूटेन नाही. श्रेय त्यांनी विठोबाला दिलं, मी वरईला. डॉक्टरांनी दोघांनाही दिलं नाही. गहू सोडून बरं वाटणारे पुष्कळ असतात, म्हणाले. नुसत्या नाजूक पोटाच्या माणसालाही वाटतं. एकादशी हा पुरावा नव्हे.

मुलाने तोवर स्वयंपाकघरावर धाड घातली होती. मेतकुटात गहू. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू. हिंगाच्या डबीवरची मुंगीएवढी अक्षरं त्याने मोबाइलवर मोठी करून वाचून दाखवली : डिंक, मैदा आणि सगळ्यात शेवटी हिंग. इतकी वर्षं पोटाला आराम म्हणून मी ताकात जे घालत आले, त्याच्यावरही आता संशय.

एवढं सगळं हुडकून झाल्यावर डॉक्टरांचा हुकूम आला. “ताई, पोळी बंद करायची नाही. रोज खायची. काही महिन्यांनी पुन्हा तपासू.” कारण गहू थांबला की अँटीबॉडी उतरतात, आतडं भरून येऊ लागतं आणि रिपोर्ट साळसूद होतो. आधीच गहू सोडून बसलेल्याला तपासणीसाठी पुन्हा कित्येक आठवडे तो खायला लावतात. तेव्हा ज्याच्यावर वहीम, तेच मी सध्या दोन्ही वेळा तूप लावून खाते आहे. होळीला यजमानांनी पानात दुसरी पुरणपोळी वाढली आणि गंभीरपणे म्हणाले, “घे, डॉक्टरांनी सांगितलंय.” उभ्या संसारात माझं पथ्य त्यांनी इतक्या मनापासून कधी सांभाळलं नव्हतं.

गव्हाला पकडायला जगालाही वेळच लागला. लंडनच्या सॅम्युअल जी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं, उपाय आहारातच आहे असंही ओळखलं. पण नेमकं कोणतं अन्न, ते त्यांना सापडलं नाही. ते सापडलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुलं सुधारली; पाव परत आला तशी पुन्हा ढासळली. डिके यांचा गव्हावर संशय आधीपासून होता, १९५० मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्यापुढे माझे काही महिने म्हणजे काहीच नाहीत.

आणि घाई तरी कशाची? सीलिअॅक ठरला तर गहू जन्मभर बंद. त्याला आजही दुसरं औषध नाही. मग गिरणीत गव्हाच्या दळणावर दळलेली ज्वारीसुद्धा चालत नाही. जन्मठेप द्यायची तर पुरावा पक्का हवा. म्हणून, ज्यांचं हिमोग्लोबिन हटून बसलंय आणि शेजारच्या काकू ‘गहू सोडून बघ’ म्हणताहेत, त्यांना एकच विनंती : काकूंचं जरूर ऐका, पण आधी रक्त तपासून घ्या. तोवर पोळी चालू ठेवा.