डोक्याचा सातबारा

वऱ्हाडात वाटणी फक्त शेताची होते, असं समजणाऱ्यांनी जरा आरशात पाहावं. आता केसाच्या मुळाचीही वाटणी निघाली आहे. मूळ उभं चिरायचं, अर्धं डोक्याच्या मागच्या वावरात राहू द्यायचं, अर्धं पुढच्या पडीकात लावायचं. दोन्हीकडे पीक येणार म्हणे!

वलगावच्या कटिंगच्या दुकानात ही खबर पोचली तेव्हा खुर्चीतला लग्नाळू शेतकरी हरखला. शेतकरी नवरा नको हे पोरींनी आधीच ठरवलेलं, त्यात टक्कल म्हणजे दुबार पेरणीच. वस्तरा थांबवून कारागीर म्हणाला, ‘‘भाऊ, पाच एकर तिघांत वाटलं, तं कोनाचं पीक दुप्पट झालं, सांगा बरं?’’

प्रश्न शास्त्रीय आहे. मागचा केस पुढे लावला तरी मागच्याच स्वभावानं टिकतो, हे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1959 साली मांडलं. सारं केशरोपण याच भांडवलावर चालतं. पण मागचं वावर मोजकं. म्हणून ही चिराचिरी. केस पुन्हा उगवून आणणाऱ्या मूळपेशी मुळाच्या मधल्या फुगीर भागात, आणि उगवायचा हुकूम सोडणारी गाठ तळाशी. वाटा नीट पडला नाही तर एका भावाला विहीर, दुसऱ्याला नुसता बांध. नेदरलँड्सच्या डॉ. कून घो यांनी 2010 साली दोन्हीकडे केस आल्याचा निबंध छापला. इतर सर्जनांनी हा फेरफार काही सरसकट मंजूर केला नाही.

केस घालवायचं तंत्र मात्र आपल्याकडे पक्कं आहे. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड भागात तीन-चार दिवसांत डोकी मोकळी झाली. आधी पाण्याची चौकशी झाली, मग संशोधक डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. ना भूल, ना सुई, ना बिल!

रीण काढून सण करू नका, असं जन्मभर सांगणाऱ्या, डोक्यावर खापर घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी याच वलगावजवळ पेढीकाठी देह ठेवला. तिथला लग्नाळू आता डोक्यासाठी पीककर्ज मिळतं का विचारतोय. बँकेनं तारण काय म्हणून विचारलं तर?

यूट्यूब पाहून केशरोपण शिकता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाला 2022 मध्ये लेखी बजावावं लागलं. म्हणजे शिकणारे होते! तेव्हा भावांनो, मूळ चिरायला देण्याआधी चिरणाऱ्याची पदवी तेवढी पाहून घ्या.